सुनेनं मागितलेला पालट

दुकानाला सुट्टी होती, तरी दादांनी मोठा काटा सकाळीच पुसून ठेवला होता. नात तोलायची म्हणजे खिळे-सुतळी तोलणं नव्हे.

दादांच्या आजोबांनी ओतलेला, वडिलांनी सांधलेला आणि दादांनी जपलेला काटा. पितळी दांडी, दोन्ही टोकांना साखळ्यांनी टांगलेली परातीएवढी पारडी. बाजारातले औषधवाले, सोनार, बियाणंवाले आपली वजनं याच काट्यावर तपासून नेत. विजेवरचे काटे आले, त्यांचे आकडे लकाकू लागले. पण त्यातला एखादा रुसला की माणसं दादांच्याच पायरीवर येत. "यंत्राला विचारून झालं, आता काट्याला विचारू," असं म्हणत. हे वाक्य दादा रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. कुणी नाही भेटलं तर बायकोला, माईंना.

त्या दिवशी आक्का आली होती. दादांची थोरली लेक, दोन मुलांची आई. माहेरी आली की चपला काढायच्या आधी न्यायनिवाडा काढणारी. आजचा निवाडा भावजयीचा होता.

"तिला माहेरी पाठवा," स्वयंपाकघरात चहाचा कप पुढे ओढत ती म्हणाली. "महिना-दोन महिने झोपू दे, खाऊ दे. पोरीला बघायला मावशी ठेवलीय ना."

"तान्हं पोर आईपासून तोडायचं?" माई म्हणाल्या.

"तोडायचं काय त्यात? बाटलीच तर पितंय. माई, तूच सांगितलंस ना फोनवर? पोर छान झोपलेलं आणि ही त्याला हलवून हलवून उठवते. झोपलेल्या पोराला कुणी उठवतं का गं?"

माईंनी सांगितलं होतं खरं. बोलून गेल्यावर जीभ चावली होती, पण तोवर शब्द तारेवरून गेला होता.

"बारक्या, तू बोल," आक्का म्हणाली.

बारक्या म्हणजे तिचा भाऊ, बाळाचा बाप. घरात सगळ्यांत उंच, दारातून वाकून येणारा, पण लहानपणीचं नाव काही सुटलं नव्हतं.

"ती म्हणते, चिमी हातात हलकी लागते," तो म्हणाला.

"काट्यावर वाढतेय ना?"

"वाढतेय."

"मग?"

बारक्यानं कपात पाहिलं. एका बाजूला बायको, एका बाजूला काटा. या घरात जन्मलेल्या माणसानं काट्याविरुद्ध बोलायचं म्हणजे जेवत्या ताटात माती कालवायची.

"तुझं हे असंच," आक्का हसली. "दांडीच्या मधोमध उभा. वारा येईल तिकडं कलणार."

दादा दारातून ऐकत होते. त्यांनाही सून खटकू लागली होती, आणि त्याचं कारण ते कुणाला सांगत नव्हते. गेल्या खेपेला लस टोचायला दवाखान्यात गेले, तेव्हा तिथली नर्स म्हणाली, "बाळाचं वजन करू." दादांनी तिचा स्प्रिंगचा काटा पाहिला आणि हात आडवा केला. "दमलाय तुमचा काटा. आमच्या नातीचं वजन आमच्याकडे होतं." नर्स ओशाळून हसली. सगळा दवाखाना हसला. फक्त सून हसली नाही. "करू द्या की, दादा," ती हळू म्हणाली होती. चारचौघांत. ते शब्द दादांना अजून खुपत होते.

*

आतल्या खोलीत सून पलंगावर बसली होती. भिंत पातळ होती. माहेर, महिना, मावशी, सगळं तिला ऐकू आलं होतं.

बाळंतपण जड गेलं होतं. कितीतरी दिवस तिला उठवत नव्हतं. तेव्हा आक्कानं मावशीला पाठवलं. आक्काची दोन्ही मुलं मावशीच्याच हातची. मावशी आली, खोलीच्या कोपऱ्यात तिची वळकटी आली, आणि हळूहळू खोली मावशीची झाली. बाटली ती भरणार, झोपवणार ती, रात्री शेजारी घेणारही तीच. "तू पड, पोरी. तुझ्या अंगात रक्त नाही." सुनेला सुरुवातीला वाटायचं, देवानंच धाडली.

आता मावशी खिडकीशी बसून लंगोटांच्या घड्या घालत होती. चिमी टोपलीत झोपली होती. सकाळपासून झोपलीच होती.

"जाऊन ये माहेरी," मावशी म्हणाली. "मी आहे ना. इतकी घरं केली, माझ्या हातचं पोर कधी रडलं नाही. शेजाऱ्यांना कळत नाही घरात तान्हं आहे म्हणून."

"मावशी, तिला अंगावर घेते थोडा वेळ."

"झोपमोड कशाला? आणि तुझे हात थरथरतात. परवा गॅस चालू ठेवून आलीस, ते मी कुणाला बोलले का? नाही बोलले. पण मनात भीती बसते गं. उद्या पोर खाली पाडलंस तर?"

 गॅस? सून आठवू लागली. हल्ली असं फार व्हायचं. मावशी काहीतरी सांगायची आणि ती आठवत बसायची. आठवलं नाही की स्वतःलाच दोष द्यायची. पण परवा बारक्यानं तिला जेवणाचं ताट इथेच आणून दिलं होतं, ताट परतही त्यानंच नेलं होतं. ती स्वयंपाकघरात गेलीच नव्हती.

 ती मावशीचे हात नीट पाहू लागली. चिमीच्या अंगात पहिल्या आठवड्यातलं झबलं होतं, आणि बंद अजून तसेच आवळून बांधावे लागत होते. "कापड ताणतं," मावशी म्हणायची. बाहेरून दादांची हाक आली, "आणा हो आमच्या राणीला!" तशी मावशी उठली आणि तिनं टोपली उचलली. दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून, पाण्याची भरली बादली उचलावी तशी.

सुनेनं ते पाहिलं आणि ती पलंगावरून खाली उतरली.

*

टोपली गादीसकट तोलून तिच्याएवढा शिशाचा गोळा दादांनी पहिल्याच दिवशी ओतून ठेवला होता. तो समोरच्या पारड्यात टाकला की टोपली जमेला यायची नाही. वर जेवढी वजनं चढतील ती सगळी नातीची.

मावशीनं टोपली पारड्यात ठेवली. दादांनी गोळा टाकला, एकेक वजन चढवत गेले. सगळे काट्याभोवती उभे होते. काटा हलला, डोलला, मधोमध थांबला.

"वाढली!" दादांचा आवाज दुकानभर घुमला. "गेल्या खेपेपेक्षा छटाकभर तरी वाढली. काट्याचं रक्त आहे, वाढणारच."

"झालं समाधान?" आक्का भावजयीकडे वळली. "की अजून हलकीच लागते?"

"हलकीच लागते, वन्सं."

"ऐकलंस, बारक्या? तीन पिढ्यांचा काटा खोटा आणि हिचे हात खरे!"

"काटा खोटा म्हणत नाही मी," सून म्हणाली. ती दादांच्या समोर जाऊन उभी राहिली. "दादा, मला पालट हवाय."



पालट हा दुकानाचा जुना नेम. गिऱ्हाइकाला तोलाची शंका आली तर त्यानं एवढा एक शब्द म्हणायचा. मालकानं का, कशाला, असं विचारायचं नाही. माल आणि वजनं उतरवून बाजू बदलून पुन्हा तोलायचं, म्हणजे दांडीत खोट असेल तर तिथेच उघडी पडते. आणि दुसऱ्या खेपेला माल गिऱ्हाइकानं आपल्या हातानं ठेवायचा. दुकानदारानं हात मागे बांधून बघत राहायचं. पालट मागणाऱ्याला या पायरीवरून आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं. पण मागायचे ते परके लोक. घरच्या माणसानं पालट मागणं म्हणजे बापाला त्याचं नाव विचारणं.

"वेड लागलंय हिला," आक्का म्हणाली. "दादा, बघताय ना?"

दादांचा चेहरा तांबडा झाला होता. "सूनबाई, कुणापुढे काय मागतेस, कळतंय का?"

"कळतंय. लग्न होऊन आले त्या वर्षी एका बियाणंवाल्यानं मागितला होता. सगळा बाजार बघत होता. तुम्ही एक शब्द न बोलता हात मागे बांधलेत. मी तिथे दारात उभी होते." ती थांबली. "त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं या घरात पडले."

दादा तिच्याकडे बघत राहिले. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण आपलाच नेम आडवा उभा होता. त्यांनी सावकाश हात मागे बांधले.

"दादा!" आक्का ओरडली.

"शब्द उच्चारला तिनं. आता ती गिऱ्हाईक. तू मध्ये बोलू नकोस."

मावशीनं टोपलीवर हात ठेवला. "झोपलंय हो लेकरू. उगाच धक्के कशाला? मीच ठेवते त्या बाजूला."

"माल गिऱ्हाईक ठेवतं, मावशी," माई म्हणाल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. "हात काढा."

सुनेनं टोपली उचलली नाही. वाकून आधी चिमीला बाहेर घेतलं, खांद्याशी धरलं. पोरीची मान ओल्या कापडासारखी लोंबली. मग नवऱ्याला म्हणाली, "आता माझ्या वतीनं टोपली बाजू बदलून ठेवा. रिकामी. समोर नुसता गोळा."

बारक्यानं वजनं उतरवली. गोळा या पारड्यात, टोपली त्या. दोन्ही सारखी व्हायला हवी होती. टोपलीचं पारडं साखळ्या करकरत खाली गेलं आणि लाकडी घडवंचीवर धपकन टेकलं.



"गादी ओली असेल," बारक्या म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं, तो काय बोलतोय.

दादांनी गादी चाचपली. बोटं मध्येच थांबली. त्यांनी हत्यारांतून कातर घेतली आणि शिवण उसवली. कापसातून एक लोखंडी वजन निघालं, मग आणखी एक, मग बारकी बारकी मूठभर. दादांनी एक उलटं केलं. तळाशी कानशीनं काढलेली फुली होती. त्यांनी स्वतः काढलेली. तोलाला न उतरलेली वजनं ते अशी फुली मारून बाद करत, मागच्या डब्यात टाकत, आणि डबा भरला की वितळवत. खोटं वजन या घराबाहेर कधी गेलं नाही, हे सांगताना त्यांची छाती दीड वीत व्हायची. बाहेर गेलं नव्हतंच. नातीच्या अंथरुणात येऊन बसलं होतं.

"दादा, ते नंतर," सून म्हणाली. "ही उठत नाहीये. चिमी! ए चिमी! अहो, बघा ना, ही डोळेच उघडत नाहीये!"

मघाशी पोर उठवते म्हणून हिला माहेरी धाडायला निघाले होते. आता बारक्या गुडघ्यावर बसून लेकीचे तळपाय चोळत होता, माई गालावर पाणी लावत होत्या. चिमीच्या ओठांतून नुसती एक कण्हल्यासारखी हवा आली.

सून अनवाणीच निघाली. दवाखाना पुढच्याच वळणावर होता. बारक्या तिच्या पुढे धावला, आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता, हातानं माणसं बाजूला करत.

*

मावशी आत जायला वळली. दारात आक्का उभी होती.

"कुठे?"

"कपडे घेते माझे. इथे आता माझं काय काम."

"काय पाजलंस तिला?"

"थेंब असतात गुंगीचे. सगळ्याच पाजतात. कुणी सांगत नाही एवढंच."

"आणि ती वजनं?"

मावशीनं मान वर केली, आणि त्या मानेत आक्काला ओळखीचा ताठा दिसला. असाच ताठा या घरात सगळ्यांच्या मानेत होता.

"गुंगीतलं पोर पिणार कुठून, ताई? अंग धरत नव्हतं. तुमच्या वडलांनी वजनाचा सोहळा मांडलेला. घटलं असतं तर मला काढलं असतं. आमच्या धंद्यात एक घर गेलं की नाव जातं. माझंही नाव आहे. मावशीच्या हातचं पोर रडत नाही, असं लोक सांगतात एकमेकांना. चार दिवसांत प्यायला लागेल, मग काढून टाकीन वजनं, असं वाटलं होतं. ते चार दिवस आलेच नाहीत."

"आणि हिला माहेरी का धाडत होतीस?"

"ती बघत होती."

आक्कानं दाराची चौकट धरली. पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. "माझ्या पोरांना?"

"तुम्हीच म्हणायचात ना, मावशी, तुमच्या हाताला गुण आहे? पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचात, कशी शांत झोपलीत म्हणून. रडणारं पोर हवं होतं कुणाला?"

आक्काचा हात उठला आणि हवेतच राहिला. तिची मुलं आता मोठी होती, शाळेत जात होती, भांडत होती, धडधाकट होती. म्हणजे वाचली होती. ती उंबऱ्यातच बसली. दार सोडलं नाही.

*

बारक्या परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"रडली!" तो दारातूनच ओरडला. "माई, रडली! अशी रडली, सगळा दवाखाना गोळा झाला!"

माईंनी तोंडाला पदर लावला.

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत. उद्यापर्यंत तिथेच ठेवणार. हिनं अंगावर घेतलं तर चक्क ओढायला लागली." त्याचा आवाज खाली आला. "दादा, त्यांच्या काट्यावर तोललं तिला. जन्मली तेव्हा होती, जेमतेम तेवढीच आहे."

दादा स्टुलावर बसले होते. समोर उसवलेली गादी, शेजारी फुलीची वजनं. त्या स्प्रिंगच्या काट्यावर, दमलेल्या म्हटलेल्या काट्यावर, त्यांच्या नातीचा खरा तोल निघाला होता.

"पोलिसांत नको, दादा," आक्का उंबऱ्यातून म्हणाली. डोळे सुजले होते तिचे, पण घराचं नाव अजून आठवत होतं. "हिला हाकलून द्या. वजनं आपल्या डब्यातली निघालीत. बाजार काय म्हणेल? काटेवाल्यांच्या घरात खोटं वजन! उद्यापासून कोण येईल पायरीवर?"

"चिमीच्या आईनं निरोप दिलाय," बारक्या म्हणाला. "मावशीला सोडायचं नाही. आपण हाकललं तर ती उद्या दुसऱ्या घरात जाईल. तिथली आई आपल्यासारख्या घरात नसेल, मग पालट कुणापुढे मागेल? असं म्हणाली. आणि म्हणाली, दादांना सांगा, माझी काट्याबद्दल तक्रार नाही."

दादांनी डोळे मिटले.

"माझं ऐका," आक्का पुन्हा म्हणाली. "तिचं बाळंतपणाचं डोकं आहे..."

"तिचं डोकं ठिकाणावर आहे," माई म्हणाल्या. "आपली नव्हती. तूसुद्धा आई आहेस ना गं? ही बाई सुटली तर तुझ्या जिवाला चैन पडेल?"

 आक्का उठली आणि तिनं मावशीचा दंड धरला. "चला," ती म्हणाली. "मीच आणलं होतं ना, मीच पोचवते. माझ्या पोरांचंही सांगायचंय मला."

दादा उठले. आत जाऊन दुकानाच्या मोठ्या व्यवहाराला घालायचा कोट घालून आले. फुलीची वजनं त्यांनी हातरुमालात घेतली, पण गाठ मारली नाही; उघडीच हातावर धरली.

बाजारातून जायला मागची गल्ली होती. दादा भर रस्त्यानं निघाले. औषधवाल्यानं दुकानातून हाक मारली, "काय काटेवाले, आज सुट्टीच्या दिवशी कोट? लग्नबिग्न काढलंत की काय?"

दादा थांबले. शेजारची चार माणसं मान वळवून बघेपर्यंत थांबले.

"माझ्या घरात खोटी वजनं सापडली," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्या डब्यातली. माझ्या नाकाखाली. साऱ्या बाजाराला शहाणपण शिकवणाऱ्या मला दिसली नाहीत. माझ्या सुनेनं माझ्याच काट्यावर पकडली."

 "सुनेनं?" औषधवाला म्हणाला.

"माझ्या सुनेनं," दादा म्हणाले, आणि चालू लागले. मान ताठ, आणि चाल अशी की आक्काला भराभर पाय उचलावे लागले.

चौकीत एक हवालदार टेबलामागे बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मावशीला बाकावर बसवलं, वजनं समोर ठेवून घेतली आणि पेन उघडलं.

"तक्रार कुणाच्या नावानं लिहू? तुमच्याच ना? घरातले मोठे तुम्ही."

"नाही. बाळाच्या आईच्या."

"ती कुठे आहे?"

"दवाखान्यात. लेकीला पाजतेय."

"मग तुम्ही सांगा की. सही तुमची चालेल. घर तुमचं, दुकान तुमचं."

"पकडलं तिनं," दादा म्हणाले. "आम्ही सगळे तिला खोटं पाडायला बसलो होतो. तेव्हा ती बोलेल, तुम्ही लिहा. नाहीतर दवाखान्यात चला आणि दाराबाहेर थांबा. मीही थांबतो."

हवालदारानं घड्याळाकडे पाहिलं. "आजोबा, किती वेळ लागेल त्याला?"

"माझ्या नातीचं पोट भरेपर्यंत," दादा म्हणाले.